गुरुजींनी जातीपुढे लिहिलं ‘हिंदू’

“मॅडम, हे काय? जात हिंदू?” साहेबांनी शाळेच्या रजिस्टरचा उतारा माझ्याकडे सरकवला.

साहेब म्हणजे आमचे उपविभागीय अधिकारी, नवेच आलेले. मी त्यांच्या ऑफिसात अव्वल कारकून. जातीच्या दाखल्यांचं टेबल माझं. समोर वसंता मेश्राम उभा होता, वैनगंगेकाठचा ढिवर मासेमार. त्याच्या मुलीचा, पायलचा, नर्सिंगला नंबर लागला होता, भटक्या जमातीच्या जागेवर. दाखला चार दिवसांत हवा, नाहीतर जागा गेली.

अशा दाखल्याला घराण्यातली जुनी नोंद लागते. वसंताने वडिलांची आणली होती. पण तिथे जातीच्या रकान्यात ‘ढिवर’ नव्हतं, ‘हिंदू’ होतं. आडनावावरूनही काही ठरत नाही. मेश्राम आमच्याकडे ढिवरांत आहेत, बौद्धांत आहेत, गोंडांतही आहेत.

“रिजेक्ट करावं लागेल,” साहेब म्हणाले.

वसंतासोबत गावचा राकेश आला होता. गळ्यात भगवा गमछा, मिरवणुकीत नेहमी पुढे. तो म्हणाला, “बरोबरच लिवलं हाय ना, मॅडम. आपण सगळे हिंदूच. जात कशाले पाह्यजे?”

“तुमचा दाखला आहे का?” मी विचारलं.

“हाव. ग्रामपंचायतीत राखीव सीटवर उभा होतो ना.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. “बरं, सांगा. काय करा लागते?”

मी म्हटलं, म्हाताऱ्यांना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी वसंताचे वडील, सीतारामभाऊ, आले. मी विचारलं, “भाऊ, हे ‘हिंदू’ कुणी लिहिलं?”

“गुरुजीनं. पयले आमाले, ढिवराच्या पोराईले, मांगं बसवत. मंग हे गुरुजी आले. त्याईनं सगळ्याईले एकाच तरटपट्टीवर बसवलं, अन् सगळ्याईपुढं हिंदू लिवलं. मले लय बरं वाटलं होतं, बाई.”

गुरुजींनी चांगल्या मनानं केलेल्या नोंदीनंच आज नातीची अ‍ॅडमिशन अडवली होती.

“तुमची भावंडं शाळेत होती?”

“एक बहीण होती. पाळण्यातच गेली.”

तिथे मला कोतवाल बुक आठवलं. जुन्या काळी गावचा कोतवाल घरोघरचे जन्म-मृत्यू जातीसकट एका वहीत लिहून ठेवायचा. त्या वह्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. भाऊंना आणि राकेशला घेऊन मी तिकडे गेले. वरच्या रॅकवरचे गठ्ठे राकेशने उतरवले. गमछा त्याने नाकाला बांधला होता. दुपारी तीनच्या सुमारास पान सापडलं. डोमा ढिवर, मुलगी, आठ महिने, ताप. शाळेच्या उताऱ्यातही सीतारामभाऊंच्या बापाचं नाव डोमाच होतं. गावही तेच.

मी ते वाचून दाखवलं.

“तिचं नाव हाय का?” भाऊंनी विचारलं.

“नाही. नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय.”

“सुमी होती ते,” भाऊ म्हणाले, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

कोतवाल बुकातल्या पानाची नक्कल, वंशावळ आणि तलाठ्याचा अहवाल जोडून फाइल साहेबांपुढे ठेवली. त्यांनी सगळे कागद नीट वाचले. “मॅडम, कोतवाल बुकही चालतं, हे मला माहीतच नव्हतं,” म्हणाले आणि सही केली. मुदतीला एक दिवस बाकी होता.

दाखला घ्यायला सगळे आले. पायलने तो दोनदा वाचला. भाऊ मात्र टेबलाजवळ घुटमळत होते.

“बाई, गुरुजीनं लिवलेलं खोडलं तं नाई ना?”

“नाही भाऊ. जुन्या रजिस्टरला कुणी हात लावत नाही.”

“मंग ठीक हाय,” म्हणाले आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

पायल आता दुसऱ्या वर्षाला आहे. टेबलावर नवा क्लार्क आला की मी त्याला सांगते: शाळेच्या नोंदीवर अर्ज अडला तर लगेच परत पाठवू नका. घरातलं कोण कोण शाळेत गेलं, हे तर विचाराच. शाळेचं वय होण्याआधीच कोण गेलं, तेही विचारा.