उजेडाला कळतं

गौलीगुडा वस्तीतल्या चतुराबाई बारा वर्षं एका प्रयोगशाळेत साफसफाईला होत्या. तिथल्या अंधाऱ्या खोलीवर त्यांचा फार जीव. आत एका यंत्रातल्या काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर होता आणि त्यावर लाल उजेडाची रेघ दिवसभर पडून असे. फरशी पुसता पुसता बाई तिच्याकडे बघत राहायच्या. तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं त्यांना.

ते यंत्र पुण्याहून आलेल्या संशोधक केतकीचं. तिने एकदा समजावलं होतं, "मावशी, कॅन्सर सुरू झाला की रक्तात त्याच्या खुणा उतरतात. कधी कधी गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी. या सोन्यावर त्या चिकटल्या की परतणारा उजेड जरासा सरकतो."

"म्हणजे उजेडाला कळतं," बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. चतुराबाईंनी रीतसर सही करून आपलं दिलं. त्यांना कसलाच त्रास नव्हता. रोज तीन मजले चढायच्या.

त्यांच्या थेंबाने उजेड सरकला. केतकीने काच बदलून पाहिलं, पुन्हा बदलून पाहिलं. तेच. यंत्र अजून कच्चं होतं, त्याच्या भरवशावर कुणाला काही सांगायची सोय नव्हती. आठवडाभर ती बाईंची नजर चुकवत राहिली. मग वरिष्ठांची परवानगी घेऊन जिन्यावर त्यांच्याशेजारी बसली.

"यंत्र चुकतही असेल, मावशी. पण एकदा दवाखान्यात दाखवू या. मी येते सोबत."

बाईंनी हातातलं फडकं घडी करून पायरीवर ठेवलं. "हौ ताई, जाऊ," त्या म्हणाल्या. "तू परेशान नक्को होऊ."

तपासणीत अंडाशयावर छोटी गाठ निघाली. ऑपरेशनच्या वेळी भुलीत त्यांना दिसलं, की ती लाल रेघ गौलीगुड्याच्या गल्ल्यांतून संथ वाहते आहे, दारादारांत बसलेल्या बायांच्या पायांना हळूच लागून पुढे जाते आहे. कुणी दचकत नव्हतं. शुद्धीवर आल्या तेव्हा सून शिल्पा उशाशी होती. गाठ पुरती निघाली होती, रोग पसरला नव्हता.

पावसाळा सरता सरता बाई कामावर आल्या. केतकी म्हणाली, "एकावरून काही सिद्ध होत नाही. अजून शेकडो बायांचं रक्त लागेल."

त्या शनिवारी चतुराबाई गल्लीतल्या नऊ जणींना घेऊन आल्या. बाकावर ओळीने बसलेल्यांपैकी एकीने विचारलं, "दुखतं का गं?"

"सुई टोचते तेवढंच," बाई म्हणाल्या आणि तिची बाही वर सारून दिली.