धापणारा लॅपटॉप

बीड जिल्ह्यात जेवढी म्हणून भीती आहे, तिच्यातली निम्मी आमचे तलवाड्याचे साडूभाऊ एकटे वापरतात. उरलेल्या निम्मीत बाकीच्यांनी भागवायचं. एसटीत ते दारापाशी बसत नाहीत, दार उघडलं तर! आतही बसत नाहीत, दार उघडलंच नाही तर! मग गेवराईपासून बीडपर्यंत मधल्या वाटेत उभे. फोन वाजला की बायकोला उचलायला लावतात आणि आपण तिचा चेहरा वाचत राहतात.

नेमका असल्या माणसाला लकवा मारून गेला. उजवा हात लुळा पडला, अंगठ्याजवळचं एक बोट तेवढं हलायचं. ते रोज हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं आपला जुना लॅपटॉप आणून त्यात ट्रक चालवायचा गेम घालून दिला. त्याच्या कीबोर्डच्या मधोमध खोडरबराएवढं लाल बोंड होतं. बोट टेकवून ते नुसतं रेटलं की ट्रक वळायचा. माउससारखा अख्खा हात सरकवायला नको. रोज संध्याकाळी बाप पुढं, लेक पुण्याहून मागं, असे दोन ट्रक निघायचे आणि गप्पा मारत कुठल्याशा परदेशी घाटातून हिंडून यायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप बंद पडला. साडूभाऊंचा लगेच फोन आला. "पाव्हणं, हे बोट बसून राह्यलं तर ते बी जाईल. अन् पोरगी मग काय बोलंल माझ्यासंगं? जेवलात का, गोळी घेतली का. बास!"

मी त्यांना बीडला दुकानात नेलं. यांचा जन्म गेला बैल पारखण्यात. जनावर औताला जुंपून पाहायचं, धापलं की माघारी, हा यांचा कायदा. दुकानदारानं बोंडवाले लॅपटॉप काढले. सगळे हपिसातले, गरीब. गेम लावला की ट्रक जागच्या जागी उभा! गेमवाले काढले, अंगात ताकद दांडगी, पण बोंडाचा पत्ता नाही. शेवटी आतून एक वापरलेला, जाडजूड लॅपटॉप निघाला. त्याला बोंडही होतं आणि गेम ओढायची ताकदही. साडूभाऊंनी तो जुंपला. दहाव्या मिनिटाला आतला पंखा भणाणला, कडेनं गरम वाफ आली, आणि हे ताडकन उठले. "धापतंय हो! छातीत भरलेलं जनावर हाय हे, न्हाई टिकायचं!"

"काका, ताकदीचा लॅपटॉप गरम होतोच," दुकानदार म्हणाला. पण ऐकतील तर ते साडूभाऊ कसले! निघाले दाराकडं. मी वैतागून लेकीला फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला.

"बाबा," ती म्हणाली, "धाप तर तुमाला बी लागती. आमी दिलं का तुमाला माघारी?"

साडूभाऊ दारातून वळले. परत येऊन बसले आणि ते एक बोट लाल बोंडावर ठेवलं.

परवा संध्याकाळी मी तलवाड्याला गेलतो. लॅपटॉप धापत होता, साडूभाऊही धापत होते. घाटाच्या वळणावर बोट एकदम थरथरलं, ट्रक दरीकडं सरकला. खरं सांगतो, मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बोट पुन्हा हललंच नाही तर?

"दमानं, बाबा," लॅपटॉपमधून लेकीचा आवाज आला. "मी मागंच हाय."

बोट हललं. ट्रक वळला. साडूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमी कावून घाबरलात, पाव्हणं?"