काकांनी बूट काढायला लावले

स्वतःच्याच घराविरुद्ध तक्रार करणारा माणूस अख्ख्या व्हर्जिनियात एकच आहे, आणि तो माझ्या बाबांचा जुना रूममेट आहे. रिटायर झाल्यावर काकांनी अ‍ॅशबर्नचं नवंकोरं घर विकून तासभर लांबच्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं. खेडं संरक्षित, दाराला खिळा मारायचा तरी वारसा समितीची परवानगी लागते. बाकीचे या नियमाला शिव्या घालतात, काकांचा त्यावर जीव. दसऱ्याच्या तोरणासाठी त्यांनी दोन खिळ्यांचा नकाशासकट अर्ज केला. परवानगी येईना, म्हणून काकूंनी तोरण टेपने चिकटवलं, तर या गृहस्थांनी समितीला ईमेल करून स्वतःच कळवलं! "अहो, नुसती टेप आहे ती!" काकू ओरडल्या. "रंग निघतो," काका म्हणाले.

माझा मार्ग भांडणाचा. गावातली एका खोलीची लाकडी शाळा पाडून तिथे डेटा सेंटरसाठी वीज उपकेंद्र करायचं घाटलं होतं. शाळेची फळ्यांची जमीन कुजली आहे, दुरुस्ती अशक्य, असा कंपनीचा अहवाल. तो लिहिणारा महाभाग दारातूनच परत गेला होता! दर शनिवारी शाळा झाडायला जाणाऱ्या काकांनी त्याला पाहिलं होतं. मी हे पत्रकात लाल अक्षरांत छापलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मग समिती पाहणीला आली. दारात काका उभे. "शूज ऑफ, प्लीज. धिस इज अ स्कूल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, यार, ही ऑफिशियल पाहणी आहे, सत्यनारायण नाही!"

"शाळा आहे ना? मग तूही काढ."

समितीच्या उंच, करड्या अध्यक्षबाईंनी चिखलाचे बूट मुकाट्याने काढले. मागोमाग सगळ्यांनीच, एकाच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. आता तळव्याला फळीन् फळी कळत होती. करकरत होती, पण दबत कुठेच नव्हती. बाई फळ्यापर्यंत गेल्या, परत आल्या, मधोमध टाच आपटली आणि कंपनीच्या माणसाला विचारलं, "कुजलंय ते नक्की कुठे?" तो अहवालाची पानं उलटू लागला.

पाडायचा अर्ज नामंजूर झाला. कंपनी अपील करणार म्हणते. करू दे, माझं पुढचं पत्रक तयार आहे.

परवा शनिवारी झाडायला मीही गेले. पायरीवर काका बराच वेळ बुटांकडे बघत बसले होते. हल्ली त्यांना वाकता येत नाही. "आज राहू द्या ना बूट," मी म्हटलं. त्यांनी नुसता पाय पुढे केला. मी खाली बसले आणि लेस सोडली.