थोरल्यासाठी लेन्स

ठाण्याच्या नौपाड्यात आमचा फोटोचा स्टुडिओ होता असं मी सांगते खरी, पण त्या जागेला स्टुडिओ हा शब्द जरा ढगळच व्हायचा. पुढे एक खोली, तिच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा, पडद्यावर राजवाड्याचे खांब आणि एक कारंजं. आत मोरी, आणि दार लावून फटींना चिंध्या कोंबल्या की तीच डार्करूम. लग्नाआधी मी कॅमेरा फक्त समोरून पाहिला होता. लग्नानंतर वर्षभरात मागून बघायला लागले. कारण असं की 'दाखवायचे' फोटो काढायला मुली येत, आणि आमच्या ह्यांनी "जरा हसा" म्हटलं की त्यांचं होतं नव्हतं तेवढं हसूही पळून जाई. एक दिवस मी म्हटलं, "अहो, व्हा बाजूला." ते झाले, आणि कायमचेच झाले. धुणं-छापणं त्यांच्याकडे, माणसं माझ्याकडे, अशी आमची वाटणी ठरून गेली.

दोघांत वाद एकच, तो लेन्सचा. आमच्या लाकडी स्टँड कॅमेऱ्याला एकच लेन्स होती, सासऱ्यांच्या वेळची. ह्यांचं म्हणणं, डोळ्यांना चष्मा एक पुरतो तर कॅमेऱ्याला लेन्स दोन कशाला? मी म्हणायचे, चहाला वेगळं पातेलं आणि भाताला वेगळं, हे तुम्हाला चालतं की! त्यावर ते वर्तमानपत्र उघडत.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. होळी होऊन दीडेक महिना झाला होता. दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले. खाडीपलीकडे कळव्याला त्यांचं मिठागर होतं. पांढरं स्वच्छ धोतर, झुपकेदार मिशा, आवाज असा की पडद्यावरचं कारंजं हलेल. म्हणाले, "बाय, आमचे थोरल्याचा फोटू काढाचा हाय. पोरीचं लगीन हाय, त्याच्या आधी पायजे."

मी विचारलं, "केवढा आहे?"

"सहा वर्साचा."

"मग आईच्या मांडीवर बसवू."

ते इतके हसले की खोकला लागला. "मांडीवं? अगो बाय, तो बसला त मांडी रातली नाय. कुतरा हाय तो, कुतरा!"

गोष्ट अशी होती. एक गोरा साहेब देश सोडून जाताना आपल्या कुत्रीचं एक पिल्लू त्या गृहस्थांच्या ओटीवर ठेवून गेला होता. ते वाढलं आणि वाढतच गेलं. वासराएवढं झालं तेव्हा कुठे थांबलं. घरात मुलगी एकुलती एक. भाऊ नाही म्हणून ती भाऊबीजेला त्या कुत्र्यालाच पाटावर बसवून ओवाळायची, आणि तोही करंजी मिळेपर्यंत शहाण्यासारखा बसायचा. म्हणून घरात त्याचं नाव थोरला. मुलगी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी होती, पण आकाराचा मान त्याचा.

मुलगी पडद्यावरचं कारंजं बघत बसली होती. वडील पान थुंकायला बाहेर गेले तशी पटकन म्हणाली, "ताई, मला अलिबागकडे दिलंय. सासू म्हणते, कुतरा आनशील त उंबऱ्याबाहेर. बाबा पन म्हणतात, थोरला मिठागर सोडून जगाचा नाय. त्याचं तोंड आत्ताच पांढरं झालंय. मोठी कुतरी लय दिवस काढत नाय म्हणतात. मी पुढचे दिवाळीला येईन तवा तो असंल का, काय ठावं?" मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली, "मला तो पायजे तसा पायजे. माझ्याकडं बघतो ना, तसा."

असली मागणी मी कधी ऐकली नव्हती. नवऱ्या मुलींना नाक लहान, रंग उजळ, गळ्यात नसलेला हार, एवढंच हवं असे. मी होकार दिला आणि मनातून फुलले.

पहिल्या खेपेला टांग्याने गेलो तेव्हा घडीचा छोटा कॅमेरा नेला होता. आमचे हेही आले. पण ते कुत्र्यांना भीत, अगदी शेजारच्या पामेरियनलासुद्धा, त्यामुळे बांधावर पोचल्यावर ते मिठाच्या ढिगाऱ्याआड जाऊन उभे राहिले. थोरला आला. तपकिरी, कानांपाशी काळा, छाती अशी की दोन्ही हातांत मावायची नाही. त्याने माझा पदर हुंगला, मला पास केलं आणि समोर बसला. मी म्हटलं, एवढा मोठा प्राणी, मोठाच दिसायला हवा. म्हणून पुढे सरकत गेले. त्याचं तोंड काचेत भरून आलं तशी कळ दाबली.

छापून आला तो एक भोपळा. भोपळ्याला दोन नाकपुड्या. त्यामागे लांब कुठेतरी दोन बारीक डोळे, आणि एवढं थोरलं धूड तर कानांमागे उंदराएवढं होऊन दडलेलं. लेन्सच्या जवळ जे असतं ते फुगतं, हे मला माहीत होतं. पण माणसाचं नाक असून असून असतं किती? ह्या कुत्र्याचं नाक आणि शेपटी यांच्यात दीड गजाचं अंतर होतं. वडील फोटो बघून म्हणाले, "ह्यो आमचा थोरला नाय, ह्यो कुनाचा तरी गाढव," आणि मांड्या थोपटून हसले. आमचे हेही हसले. मला हसू आवरेना. मुलीने मात्र फोटो घेतला, पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला. "हा तो नाय," एवढंच म्हणाली. माझं हसू तिथेच आटलं.

पुन्हा गेले आणि या वेळी लांबून काढला. आता नाक नाकासारखं आलं, पण कुत्राच मुंगीएवढा. मोठा करून छापला तर अंगभर रवा सांडल्यासारखे दाणे. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी जेवताना मी ह्यांना सांगितलं, "लांब उभं राहून जवळचं दिसेल अशी लेन्स हवी. चष्म्याची गोष्ट आज काढू नका." त्यांनी काढली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही फोर्टात होतो.

तिथे एका बोळात जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. म्हातारे पारशी गृहस्थ. चष्मा कपाळावर ठेवायचे आणि तोच दुकानभर शोधायचे. मी कुत्र्याचं सांगितलं. ते म्हणाले, "लोक सासूच्या फोटोसाठी खर्च करत नाय, नि तू कुत्र्यासाठी लेन्स घेते? बेस, बेस." त्यांनी दोन लेन्स काढून ठेवल्या. एक पितळी, जाड, भलीमोठी. तोंड उघडं टाकलं की अंधाऱ्या खोलीतही फोटो निघावा इतका उजेड आत घेणारी. दुसरी लांबोडकी, तोंड बारीक, उजेडाच्या बाबतीत अगदीच कद्रू, पण लांबचं ओढून आणण्यात पहिलीच्या पुढे. पारशीबाबा म्हणाले, पहिली घे, राजासारखी लेन्स आहे. आमचे हे तर तिच्यावरून हात फिरवत बसले. म्हणाले, "अगं, हिच्याने स्टुडिओतसुद्धा काम होईल. त्या दुसरीला दिवसासुद्धा कंदील दाखवावा लागेल."

मी विचारात पडले. पितळी लेन्स खरोखर देखणी होती. पण तिची मेख अशी की तोंड उघडं टाकलं तर ती एकाच अंतरावरचं स्पष्ट धरते. डोळे धरावेत तर नाक धूसर, नाक धरावं तर कान धूसर. माणसाला ते शोभतं, दीड गज लांबीच्या कुत्र्याला नाही. आणि उजेड? कळव्याच्या मिठागरात दुपारी मिचमिचल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. उजेडाची तिथे ददात नव्हती. हवं होतं ते अंतर. मी कद्रू लेन्स उचलली. पारशीबाबांनी भुवया वर केल्या, मग म्हणाले, आठ दिवस वापरून बघ, नाय आवडली तर परत आण. आमचे हे परतीच्या वाटेवर कल्याणपर्यंत जाणाऱ्या गाडीत बसून ठाण्याला उतरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. एकंदरीत प्रवास शांततेत झाला.

आता मोठा स्टँड कॅमेरा घेऊन गेलो. नवी लेन्स बसवली, कॅमेऱ्याचा भाता पुरता लांबवला, थोरल्याला लांब बांधाच्या टोकाला बसवलं आणि मी काळ्या कपड्याखाली शिरले. दुधी काचेवर तो उलटा दिसत होता, पाय वर, डोकं खाली, पण काय दिसत होता! नाक जागच्या जागी, कान कानांएवढे, छाती तेवढीच रुंद. मी मनात म्हटलं, जिंकलं. तेवढ्यात काचेवरून कुत्रा नाहीसा झाला. मी शोधते आहे तोच कपड्याच्या आत मानेवर गरम श्वास आला, आणि माझ्या शेजारी एक भलंमोठं डोकं दुधी काचेकडे पाहू लागलं.

त्याला परत नेऊन बसवलं. तो परत आला. मी कॅमेरा आणखी मागे नेला. त्याला तो खेळच वाटला. बांधून ठेवला तर मान खाली घालून रुसला. मुलीने जवळ उभं राहून धरला तर तिच्याकडे बघायला लागला, म्हणजे आम्हाला फक्त एक कान. ढिगाऱ्याआडून आमचे हे सूचना करत होते. मी त्यांना म्हटलं, पुढे या आणि करून दाखवा. मग सूचना थांबल्या.

दमून मी बांधावर बसले आणि थोरला कसा येतो ते बघत राहिले. मध्ये मिठाचा वाफा होता. घोट्याएवढं पाणी, तळाला मीठ धरू लागलेलं. सरळ आला असता तर दहा ढांगांत पोचला असता. पण तो दर वेळी बांधाबांधाने लांबचा वळसा घेऊन यायचा. मीठ धरत असलेल्या वाफ्यात पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा कायदा. पाऊल पडलं की थर फुटतो, गाळ वर येतो, मीठ मातकट होतं. माणसांनी पाळायचा, पोरांनी पाळायचा आणि कुत्र्याने तर पिल्लू असतानाच एक फटका खाऊन शिकलेला.

मी उठले. कॅमेरा वाफ्याच्या अलीकडे लावला, थोरल्याला बरोबर समोर पलीकडच्या बांधावर उभं करायला सांगितलं, आणि मुलीला माझ्यामागे उभं केलं. कद्रू लेन्सला तेवढंच अंतर हवं होतं, जणू वाफा तिचं माप घेऊन खणलेला. वडिलांनी पलीकडे थोरल्याला सोडलं. त्याला मुलगी दिसली. तो निघाला, कडेला येऊन थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वळसा लांब होता. मग तिच्याकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "थोरल्या, थांब रे." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. त्याने तोंड मिटलं, कान उभे केले आणि सगळा जीव डोळ्यांत आणून तिच्याकडे बघत राहिला. मी लेन्सची टोपी काढली, श्वास धरला, टोपी घातली.

"झालं," मी म्हटलं.

आणि थोरला वाफ्यात उतरला. सहा वर्षांत न केलेली गोष्ट त्याने केली. मिठाचा थर फोडत, पाणी उडवत सरळ आला. माझ्यामागे काही हललं. बघते तर मुलगीही वाफ्यात उतरलेली, अनवाणी, परकर वर खोचून, मिठागरात जन्मलेली मुलगी. मधोमध दोघं भेटली. तिने त्याच्या मानेला मिठी मारली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी घाबरून वडिलांकडे पाहिलं. मिशा थरथरत होत्या. ओरडणार म्हणून मी खांदे आवळले. ते पाठ फिरवून बांधाकडे बघत राहिले.

तो फोटो माझ्या हातून निघालेल्या फोटोंत सगळ्यात चांगला. ह्यांनी तो धुऊन बाहेर आणला आणि म्हणाले, "लेन्स ठेवून घेऊ." एवढ्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं थांबले होते! मुलगी बघायला आली तेव्हा तिने फोटो उराशी धरला आणि पालथा ठेवला नाही, यातच सगळं आलं. दिवाळीत ती आली तेव्हा हसत सांगत होती, सासूनेच तो ओटीवर लावला, लांबून खरा वाटतो, फिरते विक्रेते फाटकातूनच परत जातात. थोरला होता तेव्हा. त्याने पाटावर बसून ओवाळून घेतलं आणि दोन करंज्या खाल्ल्या.

पण मला सांगायचं ते वेगळंच. लग्न झाल्यावर चार दिवसांनी वडील एकटेच दुकानात आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "बाय, कॅमेरा घेऊन चल. पान्याचे दिस जवळ आलेत."

मी गेले. त्यांनी मला त्याच वाफ्यापाशी नेलं. शेजारच्या सगळ्या वाफ्यांतलं मीठ ओढून झालं होतं, हा एकच तसाच होता. त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. पाणी आटून उरलेल्या पांढऱ्या थरात पलीकडून मोठ्या पंज्यांची ओळ आली होती, अलीकडून छोटी, माणसाच्या पावलांची, आणि मधे सगळं मीठ तुडवलेलं.

मी सवयीने लांब लेन्स काढायला लागले. ते म्हणाले, "ती नको. जवलून काढ." मग मी जुनीच लेन्स लावली, सासऱ्यांची, आणि बांधावर गुडघे टेकले.

माझ्यामागे उभे राहून ते हळूच म्हणाले, "दोघांची पन पावलं यायला पायजेत हां, बाय. माजी दोनच पोरं."