हलगीवाल्याची जागा

आमच्या कातरमामाला लातूरच्या एका मिक्सिंगवाल्याने फसवलं. पेनड्राइव्हवरून मामाचं गाणं उचललं आणि त्यात स्वतःचं नाव ओरडून घातलं. हे मी भर बाजारात सांगतो, तेच इथे लिहितो.

मामा नांदेडला माझ्या साउंडच्या दुकानामागे बसून मिरवणुकीची गाणी करायचा. त्याच्या टेबलावर संगणकाशेजारी एक जुना पंखा फिरत असे, ऐन थंडीतही. लहानपणी किनवटच्या वसतिगृहात तो पंख्यापुढे तोंड नेऊन गायचा. पात्यांनी कातरलेला आवाज तुटक तुटक बाहेर पडायचा. तेच त्याने धंद्यात आणलं, म्हणून सारे त्याला कातरमामा म्हणायचे. गाण्यातला लांब सूर घ्यायचा, तालावर त्याचा आवाज पार शून्याला पाडायचा, पुन्हा उचलायचा. हल्ली हे एका बटणात होतं. मामा आधी पंख्यापुढे "आऽऽ" करून बघायचा, मग एकेक काप हाताने पाडायचा. "बटण साऱ्यांना सारखंच कापतंय, शेट. गाणारा दम कुठं घेतो, त्याला काय ठावं?"

पहिल्यांदा त्याचं गाणं मिरवणुकीत लावलं, तेव्हा ओळीच्या शेवटी आवाज पुरताच बंद झाला. माझं डोकं फिरलं. "मामा, काय करून राहिला? लोक म्हणतील शेटची मशीन बसली!"

"गप की जरा. ऐक."

त्या बंद जागेत साउंडच्या गाडीपुढच्या हलगीवाल्याने टिपरू हाणलं. नुसती हलगी कडाडली. मग गाणं परत आलं आणि सारी गल्ली उसळली.

औशाचं एक गिऱ्हाईक त्या जागेत आपल्या पुढाऱ्याचं नाव घाला म्हणून अडून बसलं. सौदा जवळपास माझ्या खिशात होता. मामा खुर्चीवरून न उठता म्हणाला, "ती जागा माझी न्हाई, हलगीवाल्याची हाय. दुसऱ्याची जागा कशी इकू?" गिऱ्हाईक गेलं. मी मामाला वाटेल ते बोललो. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

मग लातूरची ती वरात. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. गाडीवर मामाचंच गाणं लागलं. मामाचा चेहरा फुलला. ओळ संपली, हलगीवाल्याने टिपरू उचललं, आणि नेमक्या त्या जागेत एका परक्याचं नाव कर्ण्यातून किंचाळलं. टिपरू हवेतच राहिलं. मी गाडीकडे धावलो, तर मामाने बाही धरली. "लग्न हाय, शेट. नवरदेवाचं काय चुकलं?"

त्यानंतर तो कामाला बसला नाही. "आता जागा सोडायला भ्या वाटतंय," म्हणायचा. "कोणबी येऊन बसतंय."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेला. पंखा आता माझ्या गल्ल्याशेजारी असतो. दुकानात कुणी नसलं की मी त्यापुढे "मामा" म्हणतो. हाक तुकड्या-तुकड्यांनी परत येते. मधल्या जागा रिकाम्याच राहतात.

लातूरकरा, तुझं नाव मी लिहीत नाही. तू ते पुरेसं ओरडलायस. एकदा त्या हलगीवाल्यापुढे उभा राहा, आणि त्याचं टिपरू हवेत का राहिलं, याचा जबाब दे.