सहा फेरे आणि वर थोडं

भूम गावी लेकाच्या गॅरेजात गिअर ऑइल सांडलं आणि त्या उग्र, गंधकासारख्या वासासरशी मी परंड्याच्या आमच्या अंगणात पोचले.

ह्यांनी ट्रकला मोठे टायर घातले होते. तेव्हापासून भरलेली गाडी चढाला ओढत नव्हती. मिस्त्री म्हणाला, मागच्या आसातली दातेरी चाकांची जोडी, क्राऊन-पिनियन, बदला. आधी जुन्याचं माप हवं, म्हणून मागचं एक चाक जॅकवर उचलून मी हातानं दोनदा फिरवलं. हे खाली झोपून, खडूच्या खुणेवर डोळा ठेवून इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजत होते.

"सहा, आन् वर थोडं," खालून आवाज आला. "ह्याहून जास्त फेऱ्यांचं बसवलं तर गाडी ओढंल, कमीचं बसवलं तर पळंल. आता सांग, पळणारी गाडी पायजे का ओढणारी?"

"पळणारी. दिवस मावळायच्या आत घरी याल."

"उशीर झाला तर चालंल. चढाला भरली गाडी मागं सरकली तर न्हाय चालायचं."

अंगणातच जुनं गिअर ऑइल सांडत त्यांनी ओढणारंच बसवलं. माझं ऐकलं नाही म्हणून दोन दिवस मी धड बोलले नाही. आज कळतं, ते घरी यायचंच ठरवत होते. पुढं कायम उशिरा आले, पण आले.

त्यांना जाऊन सात वर्षं झाली. लेक फडकं घेऊन तेल पुसायला वाकला, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे रं थोडा वेळ."