वसतिगृहातल्या लाल गोळ्या

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मास्तरीण होण्यासाठी मी कोल्हापुरात शिकत होते. एकदा वसतिगृहात तरुण डॉक्टरीणबाई आल्या. तुमच्या अंगात रक्त कमी आहे, ही लाल गोळी रोज घ्या, महिन्याने रक्त तपासू, एवढं सांगून त्यांनी प्रत्येकीला पुडी दिली. घेता का, असं विचारायची पद्धत नव्हती. आम्हांला आमटीत मीठ किती हवं हेही कुणी विचारत नसे.

माझी खोलीतली मैत्रीण नेसरी गावची. रंकाळ्यावर फिरायला निघालो तरी तिला निम्म्या वाटेत घेरी यायची. पुन्हा पडलीस तर गावी धाडीन, असं रेक्टरबाईंनी बजावलं होतं, आणि गावी वडील तिचं लग्न उरकायला टपूनच बसले होते. म्हणून ती गोळी प्रसादासारखी घ्यायची. घेरी काही हटेना.

उलगडा झाला संडासाच्या रांगेत. तिथे मुली काय बोलत नाहीत? काहींना काळं होत होतं, काहींना नेहमीसारखं. एका कंपाउंडरच्या मुलीने निकाल दिला, लोखंड पोटात गेलं की काळंच होतं. म्हणजे निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसता खडू, ताडून बघायला! बाई ताकाला आल्या होत्या आणि भांडं लपवत होत्या. मला धडधाकटीला औषध अन् हिला खडू, हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. आम्ही पुड्या बदलल्या.

महिन्याने बाईंच्या यादीतली खडूवाली, म्हणजे माझी मैत्रीण, टवटवीत निघाली आणि बाई चक्रावल्या. मी सगळं सांगितलं, कसं ओळखलं तेसुद्धा.

"माझा सगळा अभ्यास वाया घालवलात," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतंत तर मी आपणहून खडू खाल्ला असता. हिला खाऊ दिला नसता."

पण बाई माणूस चांगलं. पुढच्या खेपेला त्यांनी खडूसकट सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "नको असेल त्यांनी नाही म्हणा."

मैत्रिणीने विचारलं, "न्हाय म्हटलं तरी चालतंय व्हय?"

"चालतं."

"मग न्हाय."

"का गं, भीती वाटते?"

"न्हाय की. आजवर कुणी इचारलंच न्हवतं, म्हणून न्हाय म्हणून बघितलं."

दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले. तिथे तिला कुणीच विचारलं नाही, तरी तिने 'न्हाय' म्हणून बघितलं. वडिलांनी थोबाडीत मारली, आणि सुट्टी संपल्यावर स्वतःच तिला कोल्हापूरच्या एस.टी.त बसवून दिलं.